रेषेच्या आत आणि रेषेबाहेर : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात या सदरात महिला फुटबॉलमधील प्रशिक्षकांचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर इतकी पत्रे आली की या वेळी सदराची सगळी जागा त्यांनाच देत आहे. पत्रे वेगवेगळ्या गावांहून आली असली, तरी बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे : स्वतः मैदानावर खेळलेली बाई पुढे प्रशिक्षक होते, म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न : सरीना वीगमन या प्रशिक्षक म्हणून तीन वेळा युरोपीय विजेत्या ठरल्या, एकदा नेदरलँड्सबरोबर आणि दोनदा इंग्लंडबरोबर. पण खेळाडू म्हणून त्या कोण होत्या, हे मराठीत कुठे वाचायला मिळाले नाही. त्या मोठ्या खेळाडू होत्या का, की नुसत्याच हुशार प्रशिक्षक?
(एक वाचक, पुणे)

खेळाडू म्हणूनही त्या स्वतःच्या देशातल्या, म्हणजे नेदरलँड्समधल्या, अव्वल होत्या. मात्र ज्या स्पर्धांमधून खेळाडूचे नाव जगभर पोहोचते, त्या स्पर्धा त्यांच्या वाट्याला आल्याच नाहीत.

वीगमन यांचा जन्म २६ ऑक्टोबर १९६९ रोजी द हेग येथे झाला. त्यांना एक जुळा भाऊ आहे आणि लहानपणीचा फुटबॉल त्या त्याच्याबरोबर आणि त्याच्या मित्रांबरोबर गल्लीत खेळल्या. मुलींना मुलांच्या संघात अधिकृतपणे घेत नसत. केस आखूड कापलेले असल्यामुळे ही लहानगी वासेनारच्या क्लबात मुलांच्या घोळक्यात खपून गेली आणि आईवडिलांनीही त्यात वावगे मानले नाही. डच फुटबॉल संघटनेने महिलांच्या फुटबॉलला रीतसर मान्यता दिली ती १९७१ मध्ये, म्हणजे त्या दोन वर्षांच्या असताना. कागदावरची मान्यता आणि प्रत्यक्षात मुलीच्या पायाशी आलेला चेंडू यांत किती वर्षांचे अंतर असते, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगायला नको.

१९८७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या राष्ट्रीय संघातून पहिला सामना खेळल्या. सुरुवातीला मधल्या फळीत आणि पुढे बचावफळीत खेळत त्यांनी जवळपास शंभर आंतरराष्ट्रीय सामने पूर्ण केले, संघाचे नेतृत्वही केले आणि २००१ मध्ये राष्ट्रीय संघाचा निरोप घेतला. आता याच्या शेजारी दुसरी एक तारीख ठेवून पाहा. नेदरलँड्सचा महिला संघ युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यासाठी पहिल्यांदा पात्र ठरला तो २००९ मध्ये. म्हणजे चौदा वर्षे देशासाठी खेळूनही वीगमन यांना ना युरोपीय स्पर्धेचे मैदान दिसले, ना विश्वचषकाचे. त्यांचे सामने झाले ते पात्रता फेऱ्यांत आणि मैत्रीपूर्ण लढतींत, बहुधा अर्ध्या रिकाम्या मैदानांवर. आज युरोपीय स्पर्धेच्या कोणत्याही सामन्याचे गोल आपण रात्री झोपण्यापूर्वी मोबाइलवर पाहतो. त्यांच्या काळातल्या सामन्यांचे चित्रीकरण शोधू गेलात, तर हाती फारसे काही लागत नाही.

या सगळ्यात एक वर्ष वेगळे गेले. १९८८ मध्ये चीनमध्ये महिलांची एक निमंत्रित स्पर्धा भरली होती. तिथे अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे प्रशिक्षक ॲन्सन डोरन्स यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि पुढच्या वर्षी वीगमन त्याच विद्यापीठात दाखल झाल्या. त्या संघात मिया हॅम आणि क्रिस्टीन लिली होत्या. पुढे महिला फुटबॉलचा इतिहास ज्यांच्या नावांशिवाय लिहिता येत नाही, अशा या दोघी. त्या मोसमात विद्यापीठाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. मुलींसाठी राखलेले मैदान, मुलींसाठी नेमलेला पूर्णवेळ प्रशिक्षक, मुलींच्या सरावासाठी ठरलेली वेळ, हे सारे तिथे रोजच्या व्यवहारातले होते. मायदेशी परतल्यावर त्यांना पुन्हा जुनेच चित्र दिसले.

परतल्यावर त्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका झाल्या. द हेगमधल्या एका शाळेत दिवसा शिकवायचे आणि संध्याकाळी क्लबच्या सरावाला जायचे, असा त्यांचा दिनक्रम झाला. तेर लेडे या क्लबकडून त्यांनी २००१ आणि २००३ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. दुसऱ्या मुलीच्या वेळी दिवस गेल्यावर, २००३ मध्ये, त्यांनी बूट काढून ठेवले.

आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्या मते इथून पुढे सुरू होते. २००३ ते २०१७ या चौदा वर्षांत वीगमन यांचे नाव नेदरलँड्सबाहेर जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते. २००६ मध्ये त्या आपल्याच जुन्या तेर लेडे क्लबच्या प्रशिक्षक झाल्या आणि पहिल्याच मोसमात त्यांनी लीग व करंडक दोन्ही जिंकून दिले. २००७ मध्ये डच महिलांची राष्ट्रीय लीग सुरू झाली, अवघ्या सहा संघांची. त्यांतल्या आडो देन हाग या संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि सात वर्षे त्यांच्याकडेच राहिली. या संघाने २०१२ मध्ये लीग आणि करंडक, तर २०१३ मध्ये पुन्हा करंडक जिंकला. २०१४ पासून त्या राष्ट्रीय संघाच्या सहायक प्रशिक्षक होत्या. २०१६ मध्ये त्यांनी सर्वोच्च दर्जाचा प्रशिक्षक परवाना मिळवला आणि स्पार्टा रॉटरडॅम क्लबच्या पुरुषांच्या राखीव संघाबरोबर सहायक म्हणून काम केले. व्यावसायिक डच क्लबात पुरुषांना प्रशिक्षण देणारी ती पहिलीच महिला. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय महिला संघाच्या प्रशिक्षकांना दूर करण्यात आले, सूत्रे हंगामी म्हणून वीगमन यांच्याकडे आली आणि जानेवारीत ती कायम झाली. मायदेशातली युरोपीय स्पर्धा तेव्हा सहा महिन्यांवर येऊन ठेपली होती.

ती स्पर्धा नेदरलँड्सने सहाच्या सहा सामने जिंकून खिशात घातली. ६ ऑगस्ट २०१७ रोजी एन्स्खेडे येथे झालेल्या अंतिम सामन्यात डेन्मार्कने सहाव्याच मिनिटाला पेनल्टीवर आघाडी घेतली होती, तरी शेवट ४-२ असा झाला. त्यानंतर २०१९ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी, २०२२ मध्ये इंग्लंडबरोबर युरोपीय विजेतेपद, २०२३ च्या विश्वचषकाची अंतिम फेरी आणि २०२५ मध्ये पुन्हा युरोपीय विजेतेपद. युरोप आणि विश्वचषकाच्या सलग पाच स्पर्धांत त्यांचा संघ अंतिम फेरीत होता. स्वतः खेळत असताना अशी एकही स्पर्धा वाट्याला न आलेल्या बाईने पुढे एकही अंतिम फेरी चुकवली नाही, हा योगायोग मला तरी विलक्षण वाटतो.

वीगमन यांच्याविषयी लिहिताना नॉर्थ कॅरोलिनाच्या वर्षाचे कौतुक सगळे करतात. मला मात्र शाळेतल्या नोकरीचे मोल अधिक वाटते, आणि यात माझा स्वार्थ आहे हे आधीच कबूल करते, कारण मी स्वतः अठ्ठावीस वर्षे क्रीडाशिक्षिका होते. पस्तीस मिनिटांचा तास, पन्नास मुले, आठ चेंडू आणि त्यांतल्या तिघांत हवा नाही, अशा मैदानावर पहिल्या मिनिटातच ठरवावे लागते की कोणाला काय सांगायचे, कोणाला काहीच सांगायचे नाही आणि कोपऱ्यात पोटदुखीचे कारण सांगून बसलेल्या मुलीला खरेच पोटात दुखते आहे की चिडवणाऱ्या मैत्रिणींमुळे ती खेळत नाही. लांबलचक भाषण तिथे कोणी ऐकत नाही. वीगमन बोलतात थोडे आणि थेट बोलतात, असे त्यांच्या हाताखाली खेळलेल्या अनेक खेळाडूंनी सांगितले आहे. ती सवय कुठे लागली असेल, हे कोणत्याही क्रीडाशिक्षकाला ओळखता येईल.

प्रश्न : २०२२ च्या युरोपीय स्पर्धेत वीगमन यांनी प्रत्येक सामन्यात तेच अकरा खेळाडू उतरवले, असे ऐकले. मग बाकीच्या मुली नाराज होत नाहीत का? आमच्या महाविद्यालयाच्या संघात तर एका सामन्याला वगळले तरी घरी फोन जातो.
(एक प्राध्यापक, नाशिक)

आपण ऐकले ते खरे आहे. सहाही सामन्यांत पहिले अकरा तेच होते. परंतु सामने जिंकून दिले ते बऱ्याचदा बाकावरून उठलेल्या खेळाडूंनी. आलेसिया रुसोने त्या स्पर्धेत चार गोल केले आणि चारही बदली खेळाडू म्हणून मैदानात आल्यानंतर केले. उपांत्यपूर्व फेरीत स्पेनविरुद्ध इंग्लंड एका गोलने मागे होते. सामना संपायला सहा मिनिटे उरली असताना एला टूनने बरोबरी साधून दिली. तीही बदली खेळाडूच. ३१ जुलै २०२२ रोजी वेम्ब्लीवर ८७,१९२ प्रेक्षकांसमोर जर्मनीविरुद्ध अंतिम सामना झाला. त्यात इंग्लंडचे दोन गोल टून आणि क्लोई केली यांचे होते आणि त्या दोघींनीही सामन्याची सुरुवात बाकावरून पाहिली होती. केलीचा गोल जादा वेळेतला, ११० व्या मिनिटाचा.

यातली मेख अशी की वीगमन यांच्या संघात 'राखीव' हा कमी दर्जा उरला नाही, ते स्वतंत्र काम झाले. पहिल्या तासाभरात प्रतिस्पर्धी बचावफळीला पळवून दमवणारी खेळाडू एक आणि दमलेल्या पायांवर धावून जाणारी दुसरी. दोघींना आपापली भूमिका आधीपासून माहीत असते. नाराजी येत नाही असे नाही, पण ती संभ्रमातून येत नाही. आपल्याकडे मुलीला वगळले जाते ते सामन्याच्या सकाळी, यादी फलकावर लावून, आणि कारण सांगितले जाते ते नंतर, तेही पालक भेटायला आल्यावर. घरी फोन जाण्याचे मूळ बहुतेक वेळा त्या फलकात असते.

स्पष्ट बोलण्याची किंमतही त्यांनी मोजली आहे. २०२२ च्या स्पर्धेआधी त्यांनी कर्णधारपद लीआ विल्यम्सनकडे दिले आणि अनेक वर्षे इंग्लंडचे नेतृत्व केलेल्या स्टेफ हॉटन यांना संघातच घेतले नाही. २०२५ मध्ये हॅना हॅम्प्टन ही पहिल्या पसंतीची गोलरक्षक झाली आणि स्पर्धेच्या तोंडावर अनुभवी मेरी अर्प्स यांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. वृत्तपत्रांनी तेव्हा वीगमन यांच्यावर बरेच ताशेरे ओढले. २७ जुलै २०२५ रोजी बाझल येथे स्पेनविरुद्धचा अंतिम सामना १-१ असा सुटून पेनल्टी शूटआउटवर गेला, तेव्हा त्याच हॅम्प्टनने दोन फटके अडवले आणि इंग्लंड ३-१ असे जिंकले. निकाल उलटा लागला असता तर हाच निर्णय घोडचूक ठरला असता, हेही मान्य करायला हवे. प्रशिक्षकाच्या शहाणपणाची मोजदाद बऱ्याच वेळा गोलरक्षकाच्या हातमोज्यांवर होते.

आणि प्रत्येक वेळी निकाल त्यांच्या बाजूने लागला असेही नाही. २०२३ च्या विश्वचषकाला विल्यम्सन, बेथ मीड आणि फ्रॅन कर्बी या तिघीही दुखापतींमुळे नव्हत्या. गटातल्या शेवटच्या सामन्यात चीनविरुद्ध वीगमन यांनी संघाची रचनाच बदलली, मागे तीन बचावपटू ठेवले आणि इंग्लंडने ६-१ असा विजय मिळवला. तीच रचना त्यांना अंतिम सामन्यापर्यंत घेऊन गेली, आणि अंतिम सामन्यात स्पेनने तिच्याच बाजूच्या मोकळ्या जागा हेरून १-० असा विजय मिळवला. मध्यंतरानंतर वीगमन यांनी पुन्हा चार बचावपटूंची जुनी रचना आणली, पण तोवर उशीर झाला होता.

एक लहान गोष्ट या उत्तरात बसत नाही, तरी लिहिते. २०२२ च्या स्पर्धेच्या काही आठवडे आधी वीगमन यांची बहीण वारली होती. अंतिम सामन्याची शिट्टी वाजल्यावर त्यांनी मनगटावरच्या एका साध्या ब्रेसलेटवर ओठ टेकवले. ते बहिणीचे होते. त्यानंतर थोड्याच वेळात त्यांच्या पत्रकार परिषदेत सगळा संघ गात, नाचत घुसला आणि एक गोलरक्षक चक्क टेबलावर चढली. बाई हसत बाजूला बसून राहिल्या.

प्रश्न : उत्तम खेळाडू असल्याशिवाय उत्तम प्रशिक्षक होता येत नाही, असे आमचे सर म्हणतात. खरे का?
(एक विद्यार्थिनी, सोलापूर)

तुझ्या सरांना एमा हेज यांचे नाव सांग. किशोरवयात घोट्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांचे खेळणे सुरू होण्याआधीच संपले. पुढे २०१२ ते २०२४ या काळात चेल्सी महिला संघाला त्यांनी सात लीग विजेतेपदे मिळवून दिली आणि त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाला सुवर्णपदक. दुसऱ्या बाजूला जर्मनीच्या सिल्विया नाइड आहेत. खेळाडू म्हणून तीनदा युरोपीय विजेतेपद मिळवलेल्या संघात त्या होत्या. प्रशिक्षक म्हणून त्यांनी २००७ चा विश्वचषक, २००९ आणि २०१३ ची युरोपीय स्पर्धा आणि २०१६ चे ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. वाटा दोन्ही आहेत. खेळलेल्या बाईला ड्रेसिंग रूममध्ये पहिले पाच मिनिटे आयती मान्यता मिळते, एवढाच काय तो फरक. सहाव्या मिनिटापासून सगळे सारखेच.

प्रश्न : परदेशातली उदाहरणे ठीक आहेत, पण आपल्याकडचे काय? आमच्या गोव्याच्या मेमॉल रॉकी भारतीय संघाच्या प्रशिक्षक होत्या, हे आता नव्या पिढीला आठवतही नाही.
(एक वाचक, म्हापसा)

आपली तक्रार रास्त आहे. मेमॉल रॉकी गोव्याकडून आणि भारताकडून खेळल्या आणि २०१७ मध्ये भारताच्या वरिष्ठ महिला संघाची मुख्य प्रशिक्षक झालेली पहिली महिला ठरल्या. भारताचा महिला संघ सत्तरच्या दशकापासून खेळतो आहे. १९७९-८० मध्ये कोझिकोडला आणि १९८३ मध्ये बँकॉकला तो आशियाई उपविजेता होता. संघ बायकांचा असताना मुख्य प्रशिक्षकाच्या जागी बाई यायला चार दशके लागली, यावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही.

त्यांच्या कारकिर्दीत मार्च २०१९ मध्ये बिराटनगर येथे भारताने नेपाळला ३-१ असे हरवून दक्षिण आशियाई अजिंक्यपद सलग पाचव्यांदा मिळवले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोखरा येथील दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत बाला देवीच्या दोन गोलांवर पुन्हा नेपाळलाच हरवून सुवर्णपदक आणले. मला मात्र या दोन विजेतेपदांपेक्षा एप्रिल २०१९ मधली मंडालेची बरोबरी अधिक लक्षात राहिली आहे. टोकियो ऑलिंपिकच्या पात्रतेत भारत पहिल्यांदाच दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचला होता. तिथे इंडोनेशिया आणि नेपाळ यांना हरवल्यावर यजमान म्यानमारविरुद्ध शेवटचा सामना जिंकणे भाग होते. तो ३-३ असा सुटला. दोन्ही संघांचे गुण सारखे झाले आणि गोलफरकावर म्यानमार पुढे गेले. म्यानमारसारख्या संघाविरुद्ध, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर तीन गोल करणारा भारतीय संघ त्याआधी सहसा पाहायला मिळाला नव्हता. २०२१ मध्ये वैयक्तिक कारणांसाठी रॉकी यांनी पद सोडले आणि त्यांच्या जागी स्वीडनचे थॉमस डेनरबी आले.

आपल्याकडच्या उदाहरणांत मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवी यांना वगळून चालणार नाही. त्यांचा जन्म १९८० चा, इम्फाळचा. लहानपणी मुलांच्या संघात खेळता यावे म्हणून त्या मुलाचे नाव लावून मैदानात उतरत. द हेगच्या गल्लीतली आखूड केसांची मुलगी आणि इम्फाळच्या मैदानावरची नाव बदललेली मुलगी या एकमेकींना ओळखत नव्हत्या, पण दोघींना एकच युक्ती सुचली, किंवा सुचावी लागली. बेमबेम देवी १९९५ मध्ये भारताकडून खेळू लागल्या, पुढे कर्णधार झाल्या आणि २०१६ मध्ये शिलाँग येथे दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्णपदक मिळवून निवृत्त झाल्या. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर. २०२० मध्ये पद्मश्रीही मिळाली. निवृत्तीनंतर त्या वयोगटातील मुलींच्या राष्ट्रीय संघांबरोबर सहायक प्रशिक्षक म्हणूनही उभ्या राहिल्या.

प्रश्न : २०२२ मध्ये महिलांचा आशिया चषक आमच्या नवी मुंबईत झाला. तो कोणी जिंकला आणि विजेत्या संघाची प्रशिक्षक महिला होती का?
(एक वाचक, नेरुळ)

होती. चषक चीनने जिंकला आणि त्यांच्या प्रशिक्षक श्वे छिंगश्या होत्या. याच चीनच्या संघाकडून १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवलेल्या मधल्या फळीतल्या त्या खेळाडू. संघाची सूत्रे त्यांच्याकडे स्पर्धेच्या अवघे काही आठवडे आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आली होती.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी डी. वाय. पाटील स्टेडियमवर अंतिम सामना झाला. मध्यंतराला चीन दक्षिण कोरियाच्या २-० असा मागे होता. मी हा सामना टीव्हीवर पाहत होते आणि मध्यंतराला उठून वरणाला फोडणी द्यायला गेले, कारण सामना संपला असे मी गृहीत धरले होते. परत येऊन बसले तेव्हा चीनच्या मुली जणू दुसराच सामना खेळत होत्या. ६८ व्या मिनिटाला पेनल्टी, चार मिनिटांनी बरोबरी आणि भरपाई वेळेत शियाओ युयीचा विजयी गोल, एकूण ३-२. मध्यंतरात श्वे यांनी काय सांगितले, ते त्या खोलीतल्यांनाच ठाऊक. बाहेर दिसले ते इतकेच की चीनने चेंडू मधून खेळवण्याऐवजी दोन्ही बगलांतून न्यायला सुरुवात केली आणि कोरियाची बचावफळी ताणली गेली.

त्या स्पर्धेची आपल्या दृष्टीने दुखरी बाजू अशी की करोनाची लागण झाल्यामुळे भारतीय संघाकडे पुरेशा खेळाडूच उरल्या नाहीत आणि यजमान असूनही त्याला स्पर्धेबाहेर पडावे लागले.

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बाबांच्या खांद्यावर बसून तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढले, पुढे विद्यापीठाकडून मधल्या फळीत खेळले. गुडघ्याच्या अस्थिबंधावर दोनदा शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी आता स्पर्धात्मक खेळ नको म्हणून सांगितले आहे. ज्या क्लबकडे प्रशिक्षणाचे काम मागायला गेले, तिथे 'मुलींच्या संघाचे सामान सांभाळशील का' असे विचारले. प्रशिक्षक होण्याचा विचार करणे म्हणजे हरलेल्या खेळाडूने शोधलेली पळवाट आहे का? आणि नसेल, तर सुरुवात कुठून करायची?
(एक वाचक, कोल्हापूर)

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. सामान सांभाळण्याचे विचारणाऱ्यांना उत्तर देण्यात वेळ घालवू नका. त्यांच्याकडे पुढच्या वर्षीही जाता येईल, तेव्हा हातात कागद असेल.

तो कागद म्हणजे परवाना. भारतात प्रशिक्षकांची शिडी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या प्राथमिक परवान्यांपासून सुरू होते. 'डी' परवान्याच्या अभ्यासक्रमासाठी वयाची अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. त्यानंतर आशियाई महासंघाचे 'सी', 'बी', 'ए' आणि सर्वांत वरचा 'प्रो', अशी पायरी-पायरीने चढण आहे आणि मधल्या काळात प्रत्यक्ष संघाबरोबर काम केल्याचा अनुभव लागतो. महाराष्ट्रात हे अभ्यासक्रम कुठे आणि कधी आहेत, याची चौकशी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्य संघटनेकडे किंवा आपल्या जिल्हा संघटनेकडे करावी. प्रात्यक्षिकात चेंडू मारून दाखवावा लागतो, पण नव्वद मिनिटे धावावे लागत नाही. तरी नोंदणीपूर्वी डॉक्टरांना विचारून घ्या आणि अभ्यासक्रमाच्या संचालकांना गुडघ्याची पूर्वकल्पना द्या. शस्त्रक्रिया लपवू नका.

पळवाटेबद्दल विचारलेत. २०२३ च्या महिला विश्वचषकात बत्तीस संघांपैकी बाराच संघांना महिला प्रशिक्षक होत्या, आणि तो तोवरचा उच्चांक होता. उपांत्यपूर्व फेरीपर्यंत त्यांतल्या एकट्या वीगमन उरल्या. जिथे इतकी कमी माणसे पोहोचतात, त्या जागेला पळवाट म्हणत नाहीत. उलट मला भीती वेगळीच वाटते. तुम्ही खेळाडू होतात, त्यामुळे मैदानाकडे अजून मधल्या फळीतूनच पाहाल आणि चेंडू जिथे जाईल तिथे तुमचे डोळे जातील. ही सवय मोडावी लागते. पुढच्या वेळी शाहू स्टेडियमवर सामना पाहायला जाल, तेव्हा एका बाजूचा एकच बचावपटू निवडा आणि वीस मिनिटे फक्त त्याच्याकडे पाहा. चेंडू दुसऱ्या टोकाला असताना तो कुठे उभा राहतो, कोणाशी बोलतो, केव्हा दम खातो, हे वहीत लिहा. गोल झाला तरी मान वळवायची नाही. पहिल्या दिवशी पाच मिनिटेही जमणार नाही, शेजारचे हसतील. महिनाभरात संपूर्ण बचावफळी एकदम दिसू लागेल.

संघ मोठा मागू नका. तुमच्या पेठेतल्या किंवा जवळच्या शाळेतल्या दहा वर्षांखालच्या मुली गोळा करा. त्यांत दोन-चार मुलगे आले तरी चालतील, लहान वयात त्याने काहीच बिघडत नाही. बारा मुली पुरे. आठवड्यातून तीन संध्याकाळी, एक तास. कवायतीपेक्षा खेळ जास्त ठेवा आणि रांगेत उभे करणे टाळा, कारण रांगेतली मुलगी चेंडूला स्पर्श न करता घरी जाते आणि चौथ्या दिवशी येत नाही. पालकांपैकी एकीला पाण्याची आणि प्रथमोपचाराची जबाबदारी द्या, म्हणजे तीही रोज येईल. मुलीला खेळायला पाठवायला कचरणाऱ्या दुसऱ्या आईला ती जे सांगू शकते, ते तुम्ही-आम्ही सांगून पटत नाही.

मी नोकरीला लागले, त्या शाळेत मुलग्यांच्या संघाला नवे चेंडू येत आणि जुने झाले की मुलींकडे ढकलले जात. तक्रारीचे अर्ज लिहून मी थकले, मग एक हातपंप आणि चार सुया स्वतःच्या पैशांनी घेतल्या आणि पर्समध्ये ठेवू लागले. तुम्हीही पंप स्वतःचा घ्या. सरावाच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या चेंडूंची हवा तपासा आणि सुई टोचण्याआधी थोडी ओली करून घ्या, कोरडी घातली की आतली झडप फाटते.